दोन दिवसांची भिलाई

भिलाईचा दौरा निघाला की ऑफिसात दोन प्रकारचे चेहरे दिसतात. ज्याला जायचं नाही त्याचा सुटल्याचा, आणि ज्याला जायचंय त्याचा पडलेला. कोचीला किंवा वास्कोला कामासाठी पाठवलं तर लोक म्हणतात, मजा आहे बुवा. भिलाई म्हटलं की म्हणतात, ‘तिथे काय, कारखाना!’ मी नागपूरहून पंप आणि व्हॉल्व्हच्या कामासाठी बरीच वर्षं तिथे जातोय. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत मीही हॉटेलचा पडदा, गेटवरची रांग आणि रात्रीचा टीव्ही एवढंच बघून परत आलो. त्यानंतर थोडी अक्कल आली. ती सांगायला हा लेख.

आधी गाव समजून घ्या. नागपूरहून जाताना डोंगरगड सुटलं की खिडकीबाहेर सपाट धानाची बांधी सुरू होते. छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात ते का, हे ऑगस्ट-सप्टेंबरात न सांगता कळतं. दुर्ग गेलं की त्या हिरव्यातून एकदम चिमण्या वर येतात. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि शेतांच्या मध्ये हा पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. आंध्र, केरळ, बंगाल, बिहार, पंजाब, आपला विदर्भ अशा सगळीकडून माणसं आली, सेक्टरांतल्या क्वार्टर्समध्ये राहिली, आणि भोवती खेडी होती तशी राहिली. भिलाई हे एक बेट आहे, फक्त भोवती पाण्याऐवजी धान आहे. बेटावरचं घड्याळ वेगळं, रस्ते वेगळे, बाजार वेगळा. दोन दिवसांत बघायचं ते एवढंच: थोडं बेट आणि थोडा किनारा. याहून जास्त हाव धरली की दोन्ही हातचं जातं.

आता प्रवास. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यांना हावडा मेल, गीतांजली, आझाद हिंद या गाड्या आहेत. भिलाईत तीन-चार स्टेशनं असली तरी लांबच्या बहुतेक गाड्या धरायच्या त्या शेजारच्या दुर्गला. भिलाई पॉवर हाऊसला कोणती थांबते ते बघून मगच तिकीट काढा, नाहीतर जिथे जायचं तिथून गाडी शिट्टी मारत पुढे जाते आणि रायपूरला उतरावं लागतं. विमानाने यायचं तर विमानतळ रायपूरला, तिथून भिलाई टॅक्सीने साधारण तासा-सव्वा तासाची. नागपूरकरांसाठी २०२२ च्या डिसेंबरपासून बिलासपूरची वंदे भारत आहे. ती दुपारी नागपूर सोडते आणि संध्याकाळी दुर्गला टाकते. वेळा बदलत असतात, त्या तपासाच. पण परतीला ती सकाळीच दुर्ग सोडते, म्हणजे काम असलेल्या दिवशी तिचा उपयोग नाही. परतीच्या वाटेचा फायदा कसा करून घ्यायचा ते शेवटी सांगतो.

कामाच्या आदल्या संध्याकाळी पोहोचा. रात्रभर गाडीत बसून सकाळी सातला उतरायचं, स्टेशनवर तोंड धुवायचं आणि नऊला मीटिंगला हजर व्हायचं, हा पराक्रम आपल्याकडे फार कौतुकाने सांगितला जातो. त्यात एका रात्रीचं हॉटेलभाडं वाचतं आणि दोन्ही दिवस डोळ्यांवर झोप राहते. साहेबांना स्पष्ट सांगा.

कारखान्याच्या आत जायचं असेल तर कागदपत्रांबाबत निष्काळजीपणा चालत नाही. पास आधी निघालेला हवा, ओळखपत्र मूळ हवं, बूट सेफ्टीचे हवेत, हेल्मेट हवं. फोटो काढायचे नाहीत. गेटवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान असतात आणि त्यांच्याशी वाद घालून आजवर कोणी आत गेल्याचं मी पाहिलेलं नाही. सोबत नेलेली उपकरणं आत जातानाच नोंदवायची. हे मी माझ्या चुकीतून शिकलो. एकदा घाईत मोजमापाचं एक यंत्र नोंदवायचं राहिलं. बाहेर पडताना ते माझं आहे हे सिद्ध करायला नागपूरहून बिलाची प्रत मागवेपर्यंत संध्याकाळ झाली. त्या दिवशी मी देवबलोद्याचं जुनं देऊळ बघायला जाणार होतो. बसलो गेटवर. फिरायला वेळ मिळत नाही असं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचा वेळ असल्याच गोष्टींत जातो.

कोणत्या गेटने आत जायचं तेही आदल्या दिवशीच विचारा. मेन गेट आणि बोरिया गेट यांतलं अंतर चालत कापायचं नाही. सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा या शिफ्ट बदलायच्या वेळा. त्या सुमाराला गेटकडच्या रस्त्यांवर मोटारसायकलींचा लोंढा असतो. तेव्हा रिक्षात बसून घड्याळ बघण्यापेक्षा अर्धा तास इकडे-तिकडे करा.

पण सकाळचे सहा मात्र वाया घालवू नका. भिलाई बघायची खरी वेळ तीच. हॉटेल सुपेल्यात किंवा सिव्हिक सेंटरच्या आसपास घेतलं असेल तर बूट चढवा आणि सेक्टरांत शिरा. मोठाले सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, बैठी क्वार्टर्स, पुढे कुंपणाआड पपई नाहीतर शेवगा. शहराला साठहून जास्त वर्षं झाली, तेव्हा झाडंही आता त्याच वयाची आहेत. रात्रपाळीहून परतणारे लोक दूध-ब्रेड घेऊन चाललेले दिसतात. टपरीवर उभं राहा, चहा घ्या आणि शेजारच्या काकांना विचारा, ‘आप कब आए थे भिलाई?’ एवढा प्रश्न पुरतो. एका सकाळी मला एक निवृत्त फोरमन भेटले, मूळचे विजयनगरमचे. रशियन तज्ज्ञांसोबत काम केलेल्या वडिलांच्या गोष्टी ते सांगत होते. तेलुगू माणूस, छत्तीसगडी वळणाची हिंदी, आणि मधूनच रशियन ‘स्पासिबा’. दुसऱ्या कुठल्या गावात चहाच्या टपरीवर हे ऐकायला मिळणार?

आणि कान उघडे ठेवा, मराठीही ऐकू येईल. या मुलखाशी आपला संबंध कारखान्याच्या कितीतरी आधीचा आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता इथे आली, बिंबाजी भोसले रतनपुरातून कारभार बघत. पुढे मध्य प्रांतात नागपूर राजधानी आणि दुर्ग-रायपूर त्याच प्रांताचे जिल्हे, तेव्हा वकील, मास्तर, रेल्वेवाले येत राहिले. रायपूरला चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. भिलाईत गणपतीच्या दिवसांत दौरा पडला तर कोणाला तरी विचारून आरतीला जाऊन या. माझा अनुभव असा, की ‘नागपूरचे का?’ या प्रश्नानंतर जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

कारखान्यातल्या कामाबद्दल मी सांगायची गरज नाही, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. फक्त एक करा. यजमान खात्यातल्या माणसाशी सूत जुळलं तर रीतसर परवानगीने रेल मिल बघता येईल का ते विचारा. देशातल्या रेल्वेला रूळ पुरवणारा मुख्य कारखाना हाच, म्हणजे तुम्ही ज्यावरून आलात ते लोखंड बहुधा इथेच लाटलेलं. लाल तापलेला ब्लूम, म्हणजे पोलादाचा ठोकळा, रोलरांवरून सरकत येतो, लाटण्यांखालून पुढे-मागे जातो आणि दर फेरीला लांब आणि बारीक होत जातो. पोळी लाटताना कडा पसरावी तसा. अंतरावर उभं राहिलं तरी गालाला धग लागते, आणि करवतीचा आवाज आला की बोलणं थांबवावं लागतं. इथे १३० मीटर लांबीचा अखंड रूळ निघतो. दोन जोडून २६० मीटरचा पट्टा करून वाघिणींवर लादतात, आणि वळणावर तो सबंध पट्टा गाडीबरोबर अलगद वाकतो. परवानगी नाही मिळाली तर वाईट वाटून घेऊ नका. भिलाई मार्शलिंग यार्डाच्या बाजूने जाताना ही रुळांची गाडी कधी कधी गाडीच्या खिडकीतूनही दिसते.

पहिल्या दिवशीची संध्याकाळ सिव्हिक सेंटरला द्या. नेहरू आर्ट गॅलरीत त्या वेळी कुठलं प्रदर्शन चालू असेल ते नशिबावर, पण डोकावायला दहा मिनिटं पुरतात. मैत्री बाग १९७२ सालची, भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून कारखान्याने उभी केलेली. पांढऱ्या वाघांसाठी तिचं नाव आहे. प्राणिसंग्रहालय संध्याकाळी लवकर बंद होतं आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते, म्हणून काम चारला संपणार असेल तरच नाव काढा. मुलंबाळं सोबत नसतील तर नाही गेलात तरी चालेल, असं माझं मत. भिलाईवाले यावर रागावतील.

खाण्याचं मात्र नीट ऐका. हॉटेलच्या मेन्यूतलं पनीर तुम्हाला नागपुरातही मिळतं. भिलाईत दोन गोष्टी खाव्यात. एक, दाक्षिणात्य न्याहारी. पिढ्यान्पिढ्या तेलुगू आणि मल्याळी माणसं राहिल्यामुळे इथे साध्या गाडीवरचाही डोसा-सांबार चोख असतो. इंडियन कॉफी हाऊस तर आहेच, तुऱ्याच्या पागोट्यातल्या वाढप्यासकट. दुसरं, छत्तीसगडी घरगुती पदार्थ. तांदळाच्या पिठाचा फरा, म्हणजे शिजलेला भात आणि पीठ मळून केलेल्या बोटाएवढ्या वळकट्या, वाफवून तीळ-मिरचीच्या फोडणीत परतलेल्या. तांदळाचाच चीला, सोबत टोमॅटोची झणझणीत चटणी. हे मोठ्या हॉटेलात क्वचितच मिळतं. सकाळी टपऱ्यांवर शोधा, किंवा कामाच्या ठिकाणच्या स्थानिक माणसाला विचारा, ‘घरी चीला कोण करतं?’ दुसऱ्या दिवशी डबा येतो, हे मी अनुभवाने सांगतो. पाणीपुरी हवी असेल तर ‘गुपचुप’ मागायची. आणि पोळ्याच्या सुमारास गेलात तर ठेठरी-खुरमी घेतल्याशिवाय निघू नका. पोळा तिकडेही आहे, त्याला पोरा म्हणतात, लाकडा-मातीचे बैल तिकडेही पूजतात. ठेठरी बेसनाची खारी, खुरमी गव्हाच्या पिठाची गोड. दोन्ही आठवडाभर टिकतात, तेव्हा घरी न्यायला पेढ्यापेक्षा बरी.

आता किनाऱ्यावर उतरू. दुसऱ्या दिवशी काम दुपारी तीनला आटोपलं आणि दोन-अडीच तास हातात आहेत असं धरा. सरळ देवबलोद्याला जा. भिलाई-तीन चरोद्याजवळचं हे गाव, जी.ई. रोडवरून रायपूरच्या दिशेने. रिक्षा करताना जाण्या-येण्याची आणि थांबण्याची ठरवून घ्या, कारण तिथून परतीला वाहन पटकन मिळत नाही. कलचुरी काळातलं, तेराव्या शतकाच्या आसपासचं शिवमंदिर आहे, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. मग लक्षात आलं, शिखरच नाही. भिंती वर जातात आणि मध्येच थांबतात. मंडपातून गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं, आतला गारवा मे महिन्यातही टिकलेला असतो. बाहेरच्या भिंतीवर ओळीने कोरलेले हत्ती, घोडेस्वार, शिकारी, नाचणारी माणसं. घाई करू नका. उन्हं कलली की हे थर उठून दिसतात, म्हणून चार-साडेचारची वेळ साधली तर उत्तम.

शेजारी कुंड आहे, आणि शिखर का नाही याची गोष्ट त्या कुंडात आहे. कारागीर विवस्त्र होऊन देऊळ घडवत असे, बायको रोज जेवण आणी. एक दिवस बायकोऐवजी बहीण डोक्यावर घट घेऊन आली. लाजेने त्याने वरूनच कुंडात उडी टाकली, ते बघून बहिणीने शेजारच्या तळ्यात. देऊळ राहिलं ते राहिलंच. अशा गोष्टी आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांनाही चिकटलेल्या असतात. खरंखोटं करत बसू नका, पण गावातल्या कुणा म्हाताऱ्या बाईकडून ती ऐका. मला एका आजीने सांगितली तेव्हा बहिणीच्या डोक्यावरचा घट तिने हाताने धरून दाखवला, आणि शेवटी म्हणाली, ‘खाना तो वैसे ही रह गया।’ पुस्तकात हे वाक्य नसतं.

गनियारी हे आणखी एक नाव ऐकून ठेवा. भिलाईजवळचंच हे गाव तीजनबाईंचं. पंडवानी म्हणजे महाभारताची छत्तीसगडी गायकी. बायकांनी ती बसून गायची अशी रीत असताना तीजनबाई हातात तंबूरा घेऊन उभ्या राहिल्या आणि त्याच तंबूऱ्याची त्यांनी गदा केली, रथ केला. त्यांना नोकरी होती ती याच पोलाद कारखान्यात, आणि २०१९ साली पद्मविभूषण मिळालं. गावात जाऊन काही ‘बघण्यासारखं’ नाही. पण तुमच्या मुक्कामात कुठे पंडवानीचा कार्यक्रम आहे का, एवढं हॉटेलात आणि ऑफिसात विचारा. असला तर रात्रीचं जेवण चुकलं तरी चालेल.

हात आखडायची जागाही सांगतो. घरचे म्हणतील, ‘एवढा गेलाच आहेस तर चित्रकोटचा धबधबा बघून ये.’ त्यांना नकाशा दाखवा. रायपूरहून जगदलपूरच तीनशे किलोमीटर आहे. सिरपूरचं विटांचं लक्ष्मण मंदिर सातव्या शतकाच्या आसपासचं, अप्रतिम आहे, पण ते रायपूरच्याही पलीकडे. भोरमदेवचं देऊळ तिकडे कवर्ध्याला. यातलं काहीही एका संध्याकाळीत बसत नाही. शनिवार जोडून मिळाला तर यांतलं एक, फक्त एक निवडा. मला विचाराल तर मी तो शनिवार खैरागडला देईन. राजवाड्यात भरणारं इंदिरा कला संगीत विद्यापीठ १९५६ सालचं. पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर इथे कुलगुरू होते. व्हरांड्यातून चालताना एका खोलीतून सारंगी, दुसरीतून तबला ऐकू येतो. पण शनिवार मिळाला नाही तर विसरा.

त्यापेक्षा परतीची वाट वापरा. वर म्हटलं ते हेच. नागपूरकडे जाताना दुर्गच्या पुढे तीस किलोमीटरवर राजनांदगाव आणि तिथून जवळजवळ तेवढ्यावरच डोंगरगड, दोन्ही याच लोहमार्गावर. तिसऱ्या दिवशी सकाळी निघायचं असेल तर दुर्ग ते घर असं एकच तिकीट काढू नका. दुर्ग ते राजनांदगाव लोकल किंवा पॅसेंजरने, आणि आरक्षण राजनांदगावहून दुपारच्या गाडीचं. पाठीवर एकच सॅक ठेवा म्हणजे सामानाची चिंता नाही.

राजनांदगावला उतरून रिक्षावाल्याला ‘दिग्विजय कॉलेज’ म्हणायचं. दोन तळ्यांच्या मध्ये जुना राजवाडा, त्यात कॉलेज. १९५८ ते १९६४ या काळात गजानन माधव मुक्तिबोध इथे शिकवायचे आणि याच आवारात राहायचे. हिंदीतल्या सर्वांत मोठ्या आधुनिक कवींपैकी एक, आणि घर मराठी. धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले कवी. एका घरात दोन भाऊ दोन भाषांत लिहीत होते, आणि आपल्यातल्या कित्येकांना त्यांतला एकच माहीत असतो. राजनांदगावला येण्याआधी गजाननरावांनी नागपुरात दहाएक वर्षं वृत्तपत्रं आणि आकाशवाणीत काढली होती, म्हणजे तेही याच रुळांवरून आले. त्यांचं राहतं घर आता त्रिवेणी संग्रहालयाचा भाग आहे. त्रिवेणीतले उरलेले दोघे लेखक म्हणजे पदुमलाल पुन्नालाल बख्शी आणि बलदेवप्रसाद मिश्र. हस्तलिखितं बघा, चक्करदार जिना बघा, आणि खिडकीतून तळं बघा. त्यांच्या कवितेत अंधाऱ्या विहिरी, जिने आणि पाणी वारंवार का येतं, ते त्या खिडकीशी उभं राहिल्यावर मला थोडं कळल्यासारखं वाटलं. रविवार आणि कॉलेजच्या सुट्ट्या टाळा. दीड तास पुरतो.

डोंगरगडला बम्लेश्वरीचं देऊळ टेकडीवर, हजारावर पायऱ्या. रोपवे आहे. राजनांदगाव आणि डोंगरगड एकाच दिवशी करायचा मोह होईल. गुडघे तरुण असतील आणि गाडी संध्याकाळची असेल तर करा. नवरात्रात विदर्भातून इतकी गर्दी लोटते, की भक्तीने जायचं असेल तरच जावं. फिरायला म्हणून नको.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा घ्या आणि डोंगरगडनंतर झोपू नका. बोरतलावपाशी सपाटी संपते, जंगल आणि टेकड्या सुरू होतात, आणि दरेकसाच्या बोगद्याच्या सुमारास तुम्ही महाराष्ट्रात येता. इथून जवळच कचारगडच्या गुहा, माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते तिथे. त्या दिवसांत गाडीत पिवळे फेटे दिसतील. या टापूत मोबाइलला रेंज नसते. अहवाल कधी पाठवताय म्हणून साहेबांचा फोन यायचाच असतो, तो इथे येऊ शकत नाही. सालेकसा गेलं की रेंज येते, फोन वाजतो. ठेठरीचा पुडा तोवर फोडून ठेवा. गोंदियाला चहा मिळेल.